बोटीवरचं बिऱ्हाड : वाचकांचे प्रश्न

इंग्लंडच्या कालव्यांवर बोटीत कायमचं राहण्याबद्दल आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं तिथे राहणाऱ्या आणि बोटींची कामं करणाऱ्या मंडळींनी मिळून दिली आहेत. शिडाच्या समुद्री बोटींचा विषय निराळा आहे. इथे सगळं बोलणं नॅरोबोटीचं, म्हणजे जेमतेम पावणेसात-सात फूट रुंदीच्या लांबट पोलादी बोटीचं आहे.

प्रश्न : आम्ही दोघंही आयटीत आहोत. भाडं भरून कंटाळलो आणि आता एक ५७ फुटी जुनी नॅरोबोट पाहून ठेवली आहे. घेण्याआधी काय तपासावं? बोटीवर मित्र पटकन होतात असं ऐकलं, ते खरं का? (मिल्टन कीन्स)

५७ फूट ही लांबी चांगली निवडलीत. बहुतेक अरुंद लॉकमध्ये (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या, दोन्हीकडे दारं असलेल्या हौदांमध्ये) ७० फुटी बोट मावते, पण उत्तरेकडच्या काही कालव्यांवरचे लॉक आखूड आहेत. लीड्स-लिव्हरपूल कालवा ७० फुटी बोटीने पूर्ण पार करता येत नाही. ५७ फुटी बोट जवळजवळ सगळीकडे फिरते.

आतली लाकडी सजावट, टाइल, पडदे यांकडे पहिल्या भेटीत बघूच नका. बोट म्हणजे तिचा सांगाडा. चांगल्या बोटीचा तळ १० मिलीमीटर, बाजू ६ आणि वरची केबिन ४ मिलीमीटर जाडीच्या पत्र्याची असते. बाजारात याला ‘टेन-सिक्स-फोर’ म्हणतात. बोट पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्व्हेअरकडून अल्ट्रासाउंडने जाडी मोजून घ्या. विकणाऱ्याने दाखवलेला जुना अहवाल चालणार नाही. पाण्याखालचा पत्रा ४ मिलीमीटरच्या खाली गेला असेल तर विमा कंपन्या बहुधा नकार देतात. मग वरून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो आणि तो खर्च हजारो पौंडांत जातो. इसार देताना ‘सर्व्हे समाधानकारक असल्यास’ ही अट लेखी घाला.

दुसरं, मागच्या पायऱ्यांपाशी तळात हात घालायची एक झडप असते. ती उघडून हात फिरवा. लाकडी जमिनीखालचा तो भाग कोरडा हवा. तिथे पाणी असेल तर ते शॉवरच्या गळक्या सांध्याचं, खिडकीचं किंवा नुसतं साचलेल्या दमटपणाचंही असू शकतं. कुठलंही असलं तरी ते पत्रा आतून खातं, आणि आतला गंज बाहेरून दिसत नाही.

तिसरं, कागदपत्रं. बोट सेफ्टी स्कीमचं प्रमाणपत्र चार वर्षांचं असतं. त्यात गॅस, इंधन, वायरिंग आणि वायुवीजन तपासतात. हे प्रमाणपत्र आणि तृतीयपक्ष विमा असल्याशिवाय कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट परवाना देत नाही. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे कालवे आणि नद्या याच ट्रस्टकडे आहेत. मात्र सेफ्टी प्रमाणपत्र म्हणजे बोट चांगली असल्याचा दाखला नव्हे. सांगाड्याच्या जाडीशी त्याचा काही संबंध नाही, आणि नवे लोक इथेच फसतात.

खरेदीनंतरचा ठरलेला खर्च डांबराचा. दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून तळ-बाजू धुऊन बिटुमेनचे दोन-तीन हात द्यायचे आणि सांगाड्यावर वेल्ड केलेले मॅग्नेशियमचे तुकडे (अ‍ॅनोड) झिजले असतील तर बदलायचे. पोलादाऐवजी आधी ते गंजावेत म्हणूनच लावलेले असतात. मरीनात (बोटी भाड्याने बांधून ठेवायच्या जागेत) किनाऱ्यावरची वीज घेणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावाच. नाहीतर अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या सगळ्या बोटी विजेने एकमेकींना जोडल्या जातात आणि एकीचा पत्रा दुसरीपायी खाल्ला जातो.

मित्रांबद्दल खालच्या उत्तरांत बरंच येईल. इथे एवढंच, की डांबराच्या वेळी ड्रायडॉक (पाणी काढून बोटीचं काम करायची गोदी) दुसऱ्या बोटीबरोबर वाटून घेता येतो. आठवडाभर शेजारी-शेजारी तळ घासल्यावर ओळख करून द्यायला तिसरं कुणी लागत नाही.

प्रश्न : मरीनात कायमची जागा घ्यावी की फिरतं राहावं? नोकरी लंडनमध्ये आहे. पत्ता, डॉक्टर, मतदान यांचं काय? (साउथॉल)

१९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार कायमची जागा नसलेल्या बोटीनं खरोखर प्रवास करत राहिलं पाहिजे आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून जास्त थांबता कामा नये. काही जागांवर ही मुदत ४८ तासांचीच असते, तसा फलक असतो. १४ दिवस संपले की शंभर यार्ड पुढे सरकायचं, ही युक्ती चालत नाही. दोन ठिकाणांमध्ये ये-जा करूनही भागत नाही. वर्षभरात फिरलेल्या दोन टोकांमधला पल्ला १५-२० मैलांहून कमी राहिला तर परवान्याच्या नूतनीकरणाला अडचण येते. इंजिन बिघडलं किंवा आजारपण आलं तर मुदत उलटण्याआधी ट्रस्टला कळवा, मुदतवाढ मिळते. २०२४ पासून फिरत्या बोटींच्या परवान्यावर अधिभारही लागला आहे, तो हिशेबात धरा.

मरीनात जागा घेताना करारात ‘रेसिडेन्शियल’ शब्द आहे का ते बघा. बऱ्याच जागा ‘लेझर’ (फक्त हौशी वापराच्या) प्रकारच्या असतात. तिथे बोट ठेवता येते, राहता येत नाही.

इंग्लंडात डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा बंधनकारक नाही, रिसेप्शनवरच्या व्यक्तीने मागितला तरीही. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले म्हणून तिथे कायदेशीर राहत असतील तर मतदार होऊ शकतात आणि स्थिर पत्ता नसणाऱ्यांसाठी ‘स्थानिक संबंधाचं घोषणापत्र’ हा अर्ज आहे. बँक आणि ड्रायव्हिंग लायसन्ससाठी मात्र नातलगाचा किंवा मित्राचा पत्ता लागतोच.

आमचं मत विचाराल तर पहिला हिवाळा मरीनात काढा. नळ, वीज, कोळसा हाताशी असतो आणि बोट शिकायला शेजारी असतात. वसंतात निघा.

प्रश्न : बोटीवर रोजचा महाराष्ट्रीय स्वयंपाक जमतो का? फोडणी, कुकर, मिक्सर? हिवाळ्यात खिडक्यांवरून पाणी ओघळतं असं म्हणतात. (लेस्टर)

जमतो, पण चार गोष्टी घरापेक्षा वेगळ्या होतात.

गॅस : १३ किलोचे प्रोपेनचे लाल सिलिंडर घ्या, निळे ब्युटेनचे नकोत. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायूरूप होणंच थांबवतं, म्हणजे नेमकी थंडीत शेगडी विझते. एक चालू आणि एक भरलेला जोडीला ठेवा. दोन माणसांचा रोज दोन्ही वेळचा स्वयंपाक असेल तर सहा-आठ आठवडे जातात. सिलिंडरचा कप्पा केबिनपासून बंद असतो आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारी भोकं असतात, कारण हा गॅस हवेपेक्षा जड आहे. गळला तर त्या भोकांतून कालव्यावर जावा, बोटीच्या तळात साचू नये. त्या कप्प्यात दोर, छत्र्या, कुंड्या कोंबून भोकं बुजवणारे लोक आहेत. तसं करू नका.

वाफ : एक लिटर पाणी उघड्या पातेल्यात आटवलंत तर ते सगळं थंड पत्र्यावर आणि एकेरी काचांवर जाऊन बसतं. कुकर इथे सोन्याचा. गॅस वाचतो, वाफ कमी होते. भाजीवर झाकण ठेवायचं, शिजताना छतावरचा व्हेंट आणि एक खिडकी उघडी ठेवायची. गारठा येतो म्हणून व्हेंटमध्ये फडकी कोंबली की तुम्ही फक्त दमटपणा वाढवत नाही, जीव धोक्यात घालता. त्याबद्दल पुढे. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी किंवा लाकडी पट्ट्या टाका, नाहीतर जानेवारीत गादी खालून काळी पडलेली सापडेल.

तेल : सिंकचं पाणी थेट कालव्यात जातं. ड्रेनेजची टाकी फक्त संडासाला असते. तळणीचं तेल किंवा रश्श्याचा तवंग सिंकमध्ये गेला तर तो बोटीभोवती तरंगतो आणि बदकांच्या पिसांना चिकटतो. कढई आधी कागदाने पुसून कागद कचऱ्यात टाका, मगच धुवा. डिशवॉश साधा, विघटन होणारा वापरा. याकडे काठावरचे शेजारी बारकाईने बघतात. तुमच्याशी ओळख वाढवायची की नाही हे कितीदा यावरच ठरतं.

मिक्सर : ७५० वॉटचा मिक्सर १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्फत ७० अँपिअरच्या आसपास ओढतो आणि सुरू होताना त्याहून बराच जास्त. १,५०० ते २,००० वॉटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो. बॅटरीपासून त्याच्या तारा जाड आणि आखूड हव्यात. इंजिन चालू असताना वाटणं उरकून घ्यायची.

आता विजेचा हिशेब. १२ व्होल्टचा फ्रिज दिवसाला ३० ते ४५ अँपिअर-तास घेतो, एक लॅपटॉप आठ तासांत सुमारे ४०, दिवे-पंप-फोन मिळून १५-२०. म्हणजे घरून काम करणारं एक माणूस दिवसाला १०० अँपिअर-तास खातं, दोघं असाल तर १४०. लेड-अ‍ॅसिडच्या ११० च्या चार बॅटऱ्या म्हणजे कागदावर ४४०, पण निम्म्याच्या खाली नेल्या तर त्या लवकर मरतात. म्हणून वापरायला २२०. चार्जिंगचा शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो, त्याला कित्येक तास लागतात. रोज तासभर इंजिन चालवून ‘भरली’ असं समजणाऱ्यांच्या बॅटऱ्या वर्षभरात सल्फेट जमून निकामी होतात. छतावरचे ४०० वॉटचे सोलर पॅनेल जूनमध्ये दिवसाला दीड युनिटपर्यंत देतात, डिसेंबरात जेमतेम त्याचा दहावा हिस्सा. लिथियम घेतलीत तर खोलवर वापरता येते आणि पटकन भरते, पण ती थेट इंजिनच्या अल्टरनेटरला जोडू नका. ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळतो. मधे डीसी-डीसी चार्जर बसवा.

आणि शेकोटी, म्हणजे कोळशाची लोखंडी स्टोव्ह. बिनधुराच्या कोळशाचं २० किंवा २५ किलोचं पोतं कडक थंडीत दोन-तीन दिवस पुरतं. रात्री निखारे हलवायचे, राखेचं ताट रिकामं करायचं, वरपर्यंत कोळसा भरायचा, दहा मिनिटं पेटू द्यायचा आणि मग खालची हवा अगदी थोडी ठेवायची. सकाळपर्यंत राहतो. राखेचं ताट भरू दिलं तर जाळीखालून हवा मिळत नाही आणि जाळी वितळून वाकते. काढलेली गरम राख कधीही केबिनमध्ये ठेवू नका, तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. झाकणाच्या लोखंडी बादलीत, बाहेर. स्टोव्हच्या दाराची फट बंद करणारी दोरी सैल झाली की बदला, धुराडं हिवाळ्यात महिन्यातून एकदा तरी झाडा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म २०१९ पासून प्रमाणपत्रासाठी सक्तीचा आहे. आठवड्यातून एकदा बटण दाबून बघा. डोकं दुखतंय, मळमळतंय आणि काठावर गेल्यावर बरं वाटतंय, असं झालं तर पित्त समजून आत जाऊन झोपू नका.

(इडलीचं पीठ स्टोव्हच्या बाजूच्या फळीवर रात्रीत छान फुगतं. पण डब्यात वर चांगली निम्मी जागा ठेवा.)

प्रश्न : माझी मुलगी ऑक्सफर्डजवळ बोटीवर एकटी राहते. तिथे शेजारीच नसतील तर अडीनडीला कोण? फोनवर ती ‘आई, इथे सगळे मदत करतात’ म्हणते, पण जे दर पंधरा दिवसांनी हलतात ते शेजारी कसले? (पुणे)

ताई, मुलगी खोटं सांगत नाही. फक्त हे शेजार कसं चालतं ते सोसायटीत राहणाऱ्यांना दिसत नाही.

कालवा ही एकच वाट आहे. आज शेजारी असलेली बोट पुढच्या आठवड्यात पाच मैल पुढे असते आणि महिन्याने पुन्हा पाण्याच्या नळापाशी भेटते. ५०० लिटरची टाकी कमी दाबाच्या नळावर भरायला पाऊण-एक तास लागतो. तेवढा वेळ नळी धरून उभं राहण्यापलीकडे काही काम नसतं, म्हणून गप्पा होतात. माणसांची आडनावं कुणाला ठाऊक नसतात, बोटींची नावं असतात. ‘अमक्या बोटीवरची’ हीच ओळख. परवान्याचा क्रमांक आणि नाव बाजूवर ठळक लिहिलेलं असतं, त्यामुळे कोण कुठे दिसलं याची खबर आपोआप पुढे जाते. ही खबर सगळ्यांत जास्त फिरवते ती इंधनाची बोट. ती डिझेल, कोळसा, गॅस घेऊन ठरलेल्या पट्ट्यात दर दोन-चार आठवड्यांनी येते. कोणाच्या धुराड्यातून थंडीत धूर येत नाहीये, कोणाची दोन पोती नेहमीच्या जागी तशीच पडली आहेत, हे तिच्या लक्षात येतं आणि ती थांबून दार वाजवते. मुलीला सांगा, इंधन दुकानातून स्वस्त मिळालं तरी निदान हिवाळाभर या बोटीकडूनच घे.

आता सुरक्षिततेचं. कालवा मधोमध बहुधा चार-पाच फूटच खोल असतो. पाण्यात पडलं तर आधी उभं राहायचा प्रयत्न करायचा. खरी भीती थंड पाण्याच्या धक्क्याची, बोटीच्या पाण्याखालच्या चालत्या पंख्याची (प्रोपेलरची) आणि लॉकमधल्या खोल पाण्याची. कुणी पडलं तर पहिलं काम इंजिन न्यूट्रल करणं. रिव्हर्स तर अजिबात नाही, पंखा माणसाला ओढतो. मग दोर किंवा लाइफ रिंग टाकायची. एकटीने लॉक चालवताना आणि गोठलेल्या छतावरून चालताना तिने लाइफजॅकेट घातलंच पाहिजे.

९९९ ला (तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला) फोन केला तर पत्ता काय सांगायचा? कालव्याचं नाव आणि जवळच्या पुलाचा क्रमांक. प्रत्येक पुलावर नंबराची पाटी असते. नवीन जागी बोट बांधली की लगेच तो क्रमांक तुम्हाला आणि एका बोटवाल्या मैत्रिणीला पाठवायचा, अशी सवय तिला लावून द्या. तुमच्या ‘जेवलीस का’च्या आधी हा निरोप आला पाहिजे.

आणखी एक. उंदरांच्या मुतामुळे कालव्याच्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात आपण ज्याला घाबरतो, तोच हा रोग. जखमेवर पट्टी, दोर हाताळल्यावर साबणाने हात, आणि पाण्यात पडून एक-दोन आठवड्यांत ताप-अंगदुखी आली तर डॉक्टरला ‘मी कालव्यावर राहते’ हे स्वतःहून सांगायचं. नाहीतर ते फ्लूच समजतील.

तरीही पहिला हिवाळा एकाकी जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. साडेतीन-चारला अंधार पडतो, लॉक दुरुस्तीसाठी बंद असतात, लोक कमी हलतात. त्यासाठी आधीच काहीतरी धरून ठेवावं लागतं. वॉटरवे रिकव्हरी ग्रुपची बंद पडलेले कालवे पुन्हा उभे करण्याची शिबिरं असतात. विटा रचणं, गाळ काढणं अशी कामं, बोट नसली तरी जाता येतं. ट्रस्टकडे स्वयंसेवक लॉककीपर म्हणूनही नाव देता येतं. मे महिन्याच्या पहिल्या सुटीच्या शनिवार-रविवारी लंडनच्या लिटल व्हेनिसमध्ये बोटींचा मेळा भरतो. पण मेळ्यापेक्षा शिबिरातली मैत्री टिकते, कारण तिथे हाताला काम असतं.

प्रश्न : आम्ही नुकतीच बोट घेतली. ग्रँड युनियन कालव्याच्या रुंद लॉकमध्ये अनोळखी बोटीबरोबर शिरायला धाकधूक होते. दोनदा समोरचे नाराज झाले, कारण कळलं नाही. (हेमेल हेम्पस्टेड)

कारण बहुधा दोनांपैकी एक असणार. एक तर तुम्ही न थांबता एकटे आत गेलात, किंवा समोरच्याला न विचारता लॉकमध्ये पाणी सोडायची झडप उघडलीत.

या लॉकची रुंदी १४ फूट, म्हणजे दोन नॅरोबोटी शेजारी-शेजारी बसतात. एका वेळी दोन लाख लिटरहून जास्त पाणी वरून खाली जातं. मागे बोट दिसत असताना एकट्याने ते ओतणं अडाणीपणाचं समजतात. पाच मिनिटं थांबा, हात करा. दोन बोटी असल्या की त्या एकमेकींना धरून राहतात, एकटी बोट मात्र पाणी शिरताना इकडून तिकडे आपटते.

वर चढतानाचा क्रम असा. लॉक रिकामा आहे ना बघा. भरलेला असेल आणि वरून बोट येत असेल तर तो तिचा, तुम्ही थांबा. खालची दारं उघडून दोन्ही बोटी आत, बाजूचे फेंडर वर उचललेले, नाहीतर दोघींच्या मध्ये किंवा भिंतीत अडकतात. खालची दारं लावा, खालच्या झडपा बंद असल्याची खात्री करा. मग सुकाणूवरच्या दोघांकडेही बघा. दोघांनी अंगठा दाखवला की वरच्या जमिनीतल्या झडपा अर्ध्या उघडा, बोटी स्थिरावल्या की पूर्ण. दारातल्या झडपा पाण्याखाली गेल्याशिवाय उघडू नका, धबधबा थेट बोटीच्या पुढच्या भागात पडतो आणि बोट बुडू शकते. पातळी सारखी झाली की दार हाताच्या जोराने उघडतं. उघडत नसेल तर थांबा, पातळी अजून सारखी नाही.

खाली उतरताना धोका उंबऱ्याचा. वरच्या दाराच्या आत एक दगडी उंबरा असतो, त्याची खूण पांढऱ्या रेघेने काढलेली असते. बोटीचं मागचं टोक त्या रेघेच्या पुढेच हवं. मागे राहिलं तर पाणी उतरताना टोक उंबऱ्यावर टेकतं, बोट पुढे कलंडते आणि दोन-तीन मिनिटांत बुडते. टेकल्यासारखं वाटलं की ताबडतोब खालच्या झडपा बंद, मग वरच्या सावकाश उघडून लॉक पुन्हा भरायचा. उतरताना दोर खुंटाला गाठ मारून बांधायचा नाही, नुसता एक वेढा देऊन हातात धरायचा.

विंडलास, म्हणजे झडपा फिरवायची ती काटकोनी किल्ली, दांड्यावर अडकवून सोडू नका. खिटी निसटली तर ती गरगर फिरते आणि मनगट किंवा दात मोडते. झडप बंद करतानाही किल्लीने फिरवून खाली आणा, धाडकन सोडून देऊ नका.

वॉरिकजवळच्या हॅटनला ओळीने २१ लॉक आहेत. तिथे जोडीदार बोट मिळाली तर चार माणसांची वाटणी अशी करा : दोघं सुकाणूवर, एक दारांवर, एक सायकलने पुढे जाऊन पुढचा लॉक तयार ठेवणारा. सहाव्या-सातव्या लॉकनंतर बोलायची गरज उरत नाही, हातवाऱ्यांवर चालतं. वर पोहोचल्यावर चहा तुम्ही करा. आल्याचा चहा या कालव्यांवर चांगलाच चालतो.

प्रश्न : लंडनमध्ये जागा नसल्याने एका बोटीला दुसरी बांधतात. शेजाऱ्याची परवानगी लागते का? भांडणं होतात का? (वेम्बली)

होतात. आधी छतावर किंवा बाजूवर टकटक करून विचारा. न विचारता दुसऱ्याच्या बोटीवर पाय ठेवणं हे कुणाच्या दिवाणखान्यात बुटांसकट शिरण्यासारखं आहे, बोट हलते आणि आतल्या माणसाला कळतंच. आत कुणी नसेल आणि फलकाने मनाई नसेल तर बांधा, पण चिठ्ठी व फोन नंबर ठेवा. दोर त्याच्या बोटीला तर बांधाच, शिवाय पुढून-मागून स्वतःचे दोन लांब दोर काठावर न्या, सगळं वजन त्याच्या खुंट्यांवर टाकू नका. ये-जा पुढच्या डेकवरून, त्याच्या खिडकीत न डोकावता. तो कधी निघणार हे आदल्या रात्री विचारून ठेवा.

रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन-जनरेटर बंद. बांधलेल्या बोटींजवळून जाताना वेग अगदी कमी. मर्यादा ताशी चार मैलांची असली तरी बांधलेल्या बोटींपाशी तीही जास्त होते. लाट खुंट्या उपटते आणि कुणाच्या शेगडीवरचा चहा सांडतो. वाटेत एखादी बोट सुटून आडवी झालेली दिसली तर थांबून तिच्या खुंट्या पुन्हा ठोका. मालकाला कधीतरी कळतंच.

प्रश्न : संडासाचं काय करता? स्पष्ट सांगा. (ठाणे)

तीन प्रकार. मोठी टाकी मरीनात पैसे देऊन पंपाने उपसून घेतात. २० लिटरच्या आसपासची कॅसेट स्वतः उचलून ठरलेल्या जागी रिकामी करायची, दोन माणसांची तीन-चार दिवसांत भरते, म्हणून एक जास्तीची ठेवतात. तिसरा प्रकार मल-मूत्र वेगळं करणारा कोरडा संडास. त्यात घनभाग बरेच महिने कुजवावा लागतो आणि तेवढ्या बादल्यांना जागा लागते. कालव्यात सोडणं बेकायदा. आम्ही बहुतेकांना कॅसेट सुचवतो. कालवा गोठला तरी ती हातगाडीवरून नेता येते, टाकीवाल्यांना बोट हलेपर्यंत वाट बघावी लागते.

प्रश्न : निरा, मुळा असे आपल्याकडेही मोठे कालवे आहेत. तिथे असं का राहता येत नाही? (बारामती)

ते कालवे सिंचनाचे. पाणी आवर्तनाने सुटतं, मधल्या काळात पात्र कोरडं किंवा गुडघाभर. इंग्लंडचे कालवे मालवाहतुकीसाठी खोदलेले, त्यात पाणी जवळजवळ स्थिर ठेवलेलं असतं आणि चढ-उतार लॉकने पार करतात. आपल्या कालव्यांना सतत उतार असतो, लॉक नाहीत, फाट्यांची दारं बोटीसाठी नाहीत. बोट तरंगेल, पण एका आवर्तनापुरती.

प्रश्न : आई-बाबा उन्हाळ्यात सहा आठवड्यांसाठी येणार आहेत. दोघं साठीच्या पुढचे. ५७ फुटांत कसं जमवावं? (बर्मिंगहॅम)

सहा आठवडे सलग बोटीवर नकोत. मधे दहा दिवस कुणा मित्राकडे जमिनीवर ठेवा, त्यांच्यासाठी नाही तर तुमच्यासाठी.

पलंग त्यांना द्या, जेवणाच्या टेबलाचा रूपांतरित पलंग जेमतेम चार फुटी असतो, तिथे तुम्ही. मागच्या डेकवरून आत उतरायच्या पायऱ्या उभ्या आणि अरुंद असतात. गुडघे दुखत असतील तर पुढच्या दाराने ये-जा आणि उजव्या हाताला एक दांडा बसवून घ्या. बोट बांधताना काठ सरळ लोखंडी पत्र्यांचा असलेली जागा शोधा. उथळ मातीच्या काठाला बोट दोन-तीन फूट लांब राहते आणि फळीवरून यावं लागतं. सुटकेस चाकांची, कडक नको, ती ठेवायला जागाच नसते. कापडी बॅग आणायला सांगा.

दोन माणसांना ५०० लिटर आठवडाभर पुरतं, चौघांना तीन दिवस. बादलीने आंघोळ करणारी मंडळी शॉवरवाल्यांपेक्षा निम्म्यात भागवतात, या बाबतीत आई-बाबाच तुमच्याहून बरे पाहुणे. कॅसेट रोज संध्याकाळी बघा. काय टाकायचं नाही ते मराठीत लिहून दारामागे चिकटवा.

दिवसभर ते दोघं बोटीवर एकटे असणार, म्हणून शेजारच्या बोटीशी पहिल्याच दिवशी ओळख करून द्या आणि तुमचा नंबर तिथे ठेवा. आईने पोहे पाठवले तर डबा परत येताना रिकामा येईल. तिला वाईट वाटू नये म्हणून आधीच सांगून ठेवा, तिथे तशी रीत नाही. डब्याऐवजी कुणीतरी येऊन बाबांना सुकाणू धरायला देईल. तेव्हा दोन लॉकांमधला लांब, सरळ पट्टा निवडा, आणि वळताना दांडा उलट्या बाजूला ढकलायचा असतो हे निघण्याआधी दोनदा करून दाखवा.